पातं बसवू नकोस

या, जरा जवळ सरकून बसा, कानावर पडलेली एक गोष्ट सांगतो. दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक काकू होत्या. त्यांचं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र मेकॅनिकने आडवं केलं होतं.

“काकू, पात्यांवरचा पत्रा पुन्हा चेपला? परवाच तर ठोकून सरळ केला होता!”

“ह्यांनी पायरीवर घातलं. तिथे पायरी आहे हेच विसरले.”

“आता किल्ली काढून घ्या काकांकडून.”

“घेतली होती रे. भिंतीकडे तोंड करून बसले, जेवले नाहीत.”

“पत्रा होईल सरळ. पण पातंही वाकलंय, नवं टाकावं लागेल.”

“पातं बसवूच नकोस, बाबा. अंगणात नातवंडं खेळतात.”

“अहो, मग काका कापणार काय? मिशा?”

“नुसतं फिरू दे त्यांना. आवाज तेवढा पहिल्यासारखा येऊ दे.”

“आणि गवत?”

“आताही ह्यांच्या हातून निम्मं राहतंच; ते दुपारी झोपले की मी विळ्याने कापते. उठून म्हणतात, बघ, कसं साफ केलं मी!”

“...रंगही मारून देतो, काकू.”

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या काकूंच्या कंबरेची तेवढी आठवण ठेवा.