शिळ्या चालू घडामोडी

करमाडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. मोबाईल बघता बघता सुनेनं कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, परीक्षा परत पुढं ढकलली."

"अगं, मग वर्षभर पाठ केलेलं?"

"चालू घडामोडी शिळ्या झाल्या. आता नव्या पाठ करायच्या."

"मंत्री तर तेच हायेत ना?"

"खाती बदलली."

"त्यांच्या खुर्च्या हलत्यात अन् झोप माझ्या सुनेची जाती!"

"हे म्हणतात, बास झालं आता. शेंद्र्याला कंपनीत लाग."

"लाव त्याला फोन."

"बसमधी नको, आत्याबाई."

"लाव म्हणते ना! …हॅलो, शिवम? ही परत अभ्यासाला बसणार हाय. तू तीनदा दहावीला बसला, तवा तुला कुणी बास म्हणलं व्हतं का?"