बारा वर्षांखालचा झुला

मागच्या एप्रिलमध्ये, आम्ही दोघं शहराबाहेरच्या बेसा गावातली बाग पाहायला जाणार होतो त्याच दिवशी, डॉक्टरांनी माझी बायको यमू गेल्याचं सांगितलं. यंदा मी एकटाच गेलो. बागेतल्या प्याऊवर, पाणी प्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"पाच बागांत मी झुल्यावर झुलली, आता इथं," म्हातारी म्हणाली.

"पाटी वाच वं. बारा वर्षांखालच्या पोराईसाठी आहे."

"पाटी तं पाचही बागांत होती जी!"

"तिथले चौकीदार झोपले होते. हा टक लावून पाहून राहिला."

"मंग त्याले बोलण्यात गुंतवा ना."

"मी त्याले गुंतवीन, तं तुले झोका कोण देईन?"

"मी गुंतवतो," मी मागून म्हणालो.

चौकीदाराशी मी उन्हाविषयी बोलत उभा राहिलो. मागे झुल्याची साखळी करकरत होती आणि म्हातारी खिदळत होती.

यमूला झोका द्यायचा राहिला.