पंख्याच्या वाऱ्यात

भाची: "ग्राहकाने चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवल्यामुळे बॅटरी पेटली." हे मी अहवालात लिहिणार नाही, मामा.

मामा: का? उशीखालीच होता ना?

भाची: अर्धं जग उशीखाली ठेवतं. तापला की करंट कमी करायचा, हे सर्किटचं काम.

मामा: माझं सर्किट पंचेचाळीस अंशांना करंट उतरवतं. तूच तपासलंस, तूच पास केलंस.

भाची: तेच सांगायला आलेय. त्या आठवड्यात लॅबचा एसी बंद होता. जीव नकोसा झाला म्हणून मी टेबलफॅन लावला.

मामा: मग?

भाची: चाचणीचे फोनही त्याच वाऱ्यात होते.

(मामा उठून दार लावतात.)

मामा: हळू बोल. आणखी कोणाला बोललीस?

भाची: नाही. आज पंखा बंद करून, फोन टॉवेलात गुंडाळून परत मोजलं. अकराव्या मिनिटाला बॅटरी एकाहत्तर अंश. तुमचा सेन्सर दाखवतोय बेचाळीस.

मामा: शक्य नाही.

भाची: बॅटरीपासून दोन बोटं लांब बसवलाय तुम्ही. त्याला कळणार कसं?

मामा: जागा होती का तिथे? वीस मिनिटांत फुल्ल चार्ज हवा, वर फोन पापडासारखा चपटा हवा! सगळ्यांनी माझ्याच मानेवर सुरी ठेवली होती.

भाची: चूक आपल्या दोघांची आहे. सांगून टाकू.

मामा: वेडी आहेस का? नोकरी जाईल, वर कोर्टकचेरी. तुला इथे मी चिकटवलं. ताईला काय तोंड दाखवू?

भाची: त्या ग्राहकाच्या पोरीची दोन बोटं भाजली, कापावी लागली, मामा. सात वर्षांची आहे.

मामा: माहितीये गं! मला काय काळीज नाही?

भाची: असे चाळीस हजार फोन आजही चार्जिंगला लागतील.

मामा: ...मघाशी तिच्या आईचा फोन आला होता.

भाची: तुम्हाला?

मामा: तक्रार विभागानं जोडून दिला. वाटलं, शिव्या घालेल. ऐकायची तयारी केली होती मी. तर म्हणते, "साहेब, पोरगी हॉस्पिटलात गाणी मागतेय. तिच्या बाबांकडे असाच फोन आहे, तो उशाशी चार्जिंगला लावून ठेवला तर चालेल ना?"

भाची: मामा, काय सांगितलंत?

मामा: बिनधास्त ठेवा म्हटलं.

भाची: नंबर आहे ना? लावा. आत्ता लावा.

मामा: थांब... लावतोय.

भाची: उचलला?

मामा: रिंग जातेय नुसती.