बिनदुधाची बिस्किटं

विमला : परातीला हात लावायचा न्हाय म्हंजे? माझ्याच सैपाकघरात मला हुकूम सोडतीस व्हय गं?

वल्लरी : हुकूम नाही, आई, सांगतेय. तुम्ही आत्ता तूप कढवलंय. त्या हातांनी हे पीठ मळू नका. अक्षतासाठी आहे ते.

विमला : ठावं हाय की. नातीचा वाढदिवस, आन् ताटात दुधाचा थेंब न्हाय. दारात दोन म्हशी बांधल्यात. निम्मी गंगावेस पेठ आमच्या कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध पिती. आन् घरची पोर काय खाणार, तर जवस!

वल्लरी : जवसाची पूड भिजवून घातलीय, अंड्याऐवजी. लोण्याऐवजी शेंगतेल, दुधाऐवजी नारळाचं दूध. मैदा थोडाच, बाकी कणीक आणि किसलेला गूळ. साखर फक्त वरून घोळवायला, दालचिनी घालून. परदेशात ह्याला व्हीगन म्हणतात.

विमला : काय म्हणत्यात?

वल्लरी : व्हीगन. जनावराकडून आलेलं काहीच खायचं नाही.

विमला : जनावरानं काय घोडं मारलंय त्यांचं? कॅफेत बसून कॉम्प्युटरवरनं असली थेरं उतरवून आणतीस. बेकरीत पीठ दिलं असतंस, तर ताटभर नानकटाई भाजून आली असती.

वल्लरी : बेकरीच्या पत्र्यांना लोणी चोपडलेलं असतं. म्हणून तर हा गोल ओव्हन आणला.

विमला : आन् हितं कच्चीच काढलीस. मदी लिबलिबीत दिसत्यात.

वल्लरी : मऊच हवीत. कडा धरल्या की काढायची, मधलं गार होताना बसतं. दुसऱ्या खेपेचं पीठ झाकून ठेवलंय. मी बाहेर पताका बांधून येते. झाकण उघडू नका.

(वल्लरी परत येते तेव्हा परातीवरचं झाकण बाजूला पडलेलं आहे. तिला आधी वास येतो, मग दिसतं.)

वल्लरी : आई, पिठात काय घातलंत?

विमला : काय घालू?

वल्लरी : मला वास येतोय. तूप घातलंत?

विमला : गोळा वळंना. फुटत हुतं पीठ. चमचाभर सोडलं.

वल्लरी : चमचाभर.

विमला : चमचाभरानं मरत न्हाय कोण!

वल्लरी : जोतिबावर तुम्ही तिला अर्धाच पेढा दिला होता. ओठ सुजले, मान लालभडक झाली, घाट उतरेपर्यंत श्वासाची शिट्टी वाजायला लागली. तुमचा उन्मेष गाडी चालवताना सारखा विचारत होता, ‘श्वास घेतेय ना?’ तुमच्याच मांडीवर होती ती.

विमला : वरचं वारं लागलं हुतं तिला.

वल्लरी : डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं. दूध आणि अंडं, दोन्ही चालत नाही. तुपाचं बोटसुद्धा नको. पुन्हा झालं तर दवाखाना गाठता येईलच असं नाही.

विमला : आमच्या घरात दुधानं आजवर कोण आजारी पडलं न्हाय. तुझ्या माहेरनंच आलं असणार हे दुखणं.

वल्लरी : आलं असेल. मग माझं मला सांभाळू द्या. मी उन्मेषला फोन करते. आजच्या गाडीनं अक्षताला घेऊन नाशिकला माहेरी जाते.

विमला : जा की! नातीला तोडायचीच हुती तुला. दूध निमित्त झालं.

वल्लरी : निमित्त? शाळेतल्या बाईंना कळलं, उन्मेषला कळलं, सहा वर्षांच्या अक्षतालासुद्धा कळलं. तुम्हीच तेवढं मानत नाही. पोर गुदमरावी असं वाटतं का तुम्हाला?

विमला : तोंड सांभाळ, वल्लरी!

वल्लरी : मग सांगा ना, का मानत नाही?

विमला : मानलं तर मला जगता येत न्हाय म्हणून!

वल्लरी : म्हणजे?

विमला : उन्मेषच्या आदी मला एक पोरगी झालती. तुला ठावं नसंल, ह्या घरात तिचं नाव कोण काढत न्हाय. मला ताप आला, अंगावरचं दूध आटलं. मग म्हशीचं पाजलं, पाणी घालून. पयल्याच दिशी तिचं तोंड सुजलं. सासू म्हणाली, दिष्ट लागलीया. मीठ-मिरच्या ओवाळ आन् पाजत ऱ्हा, दुधानंच बाळसं धरंल. मी पाजत ऱ्हायलो. ती तोंड फिरवायची, तर गाल दाबून पाजलं.

वल्लरी : आई...

विमला : इचारलंस न्हवं? आता ऐक. आठवडाभरात गेली. दिष्टीनं गेली, असं मनाशी धरून आजवर जगलो. आन् आता तुझा डाक्टर म्हणतोय, दूध. दूध खरं असंल, तर तिला कुणी मारलं, सांग की!

वल्लरी : मला माहीत नाही. आता कुठल्याच डॉक्टरला ते सांगता येणार नाही.

विमला : चमचाभर तुपानं अक्षताला काय झालं नसतं, तर मी सुटलो असतो.

वल्लरी : आणि झालं असतं तर?

विमला : असं वंगाळ बोलू नगंस.

वल्लरी : बोला की. झालं असतं तर?

विमला : तेवढा इचार केला न्हाय मी.

वल्लरी : तुमच्या बाळाचं ऐकून फार वाईट वाटलं मला. खरंच सांगते. पण त्याचा उलगडा माझ्या मुलीच्या जिवावर करायचा नाही.

विमला : व्हय.

वल्लरी : आज मी जात नाही, तिचा वाढदिवस मोडायचा नाही मला. पण ह्यापुढं तिला तुमच्यापाशी एकटी सोडणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल.

विमला : नगंच सोडूस. ती परात दे हिकडं, म्हशीला घालतो. आन् थांब, ताटातली कडंची दोन बिस्किटं काढ. मघाशी माझा हात लागलाय त्यास्नी.

वल्लरी : दोनच?

विमला : दोनच. न्हाय, शेजारची बी काढ. माझ्यावर इसंबू नगंस.

वल्लरी : ही मधली?

विमला : ती ऱ्हाऊ दे. तितवर हात पोचला न्हवता.

अक्षता : आजी, जिन्यापर्यंत दालचिनीचा वास येतोय! मी एक घेऊ?

विमला : मला नगं इचारूस, बाळा. आईला इचार.