एकाच तुकड्याची दोन नावं

‘तिला सॉफ्टवेअर नुसतं बघायला द्या, कशाला हात लावता येणार नाही असं करा’ — फोनवर तुम्हालाच सांगत होते ना हे? दाराआड कपड्यांच्या घड्या घालत होते मी, सगळं ऐकू आलं. लाजताय काय, बसा! कंपनीचा माणूस सांगितलं तेच करणार. तर मी बघतेय — लग्न होऊन आल्यापासून तेवढंच तर काम आहे. सासऱ्यांचं पाण्याचं सॉफ्टवेअर वेगळं, भाऊजींचं लागवडीचं वेगळं. तुम्ही येऊन दोन्ही जोडून दिलीत. माणसं जोडायची राहिली, ते सोडा. आता कोबी पिवळा पडला म्हणून पुन्हा तुम्हाला बोलावणं — ऐकताय ना आतला आरडाओरडा? सासरे म्हणतात, पाणी वाढवा. भाऊजी म्हणतात, खत वाढवा. आणि आमचे हे? एकदा इकडे मान, एकदा तिकडे — फिरता पंखा बरा, निदान वारा तरी देतो!

कोबी बुडतोय हो, दुसरं काय! इकडे बघा, स्क्रीनवर. हा ‘नवा तुकडा’ — सासरे अजून नवाच म्हणतात, घेतला तेव्हा भाऊजी पाळण्यात होते. आणि हा ‘विहिरीकडचा’ — हे भाऊजींचं नाव. दोन तुकडे आहेत? छे, एकच! ‘हवी ती नावं द्या, तुमच्या मनासारखं करून देतो’ — तुम्हीच म्हणालात ना? दिली त्यांनी. आता तुमचं सॉफ्टवेअर दोन तुकडे समजतं — सकाळी ‘नव्या’ला पाणी, दुपारी ‘विहिरीकडच्या’ला. एकाच ताटात दोनदा वाढायचं, आणि पोट बिघडलं की म्हणायचं, अजून वाढा!

जेवताना सांगून पाहिलं. सासरे म्हणाले, ‘सूनबाई, मीठ आणा.’ भाऊजी हसले, ‘वहिनी, आल्या आल्या शेती शिकलात?’ आणि हे ताटात बघत राहिले. तसा फोनवरचा तो आवाजही ह्यांचाच. सासऱ्यांचा असता तर एवढं लागलं नसतं... जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी.

अहं, उठू नका. तुम्ही सांगितलंत तर लगेच पटेल त्यांना, म्हणूनच तुम्ही सांगायचं नाही. सरका जरा, दार उघडू दे —

“अहो! बाबा, भाऊजी, तुम्हीही ऐका. पाणी वाढवायचं की खत, ते सावकाश ठरवा. पाण्याचा व्हॉल्व्ह मी मघाशीच हातानं बंद करून आलेय. उघडायचा असेल, तर आधी चपला काढून त्या कोबीच्या चिखलात उतरा — तिघंही.”