आपोआप बंद होणारी शेगडी

(संग्रामपूर. सईदचं शेगड्यांचं दुकान, दुपार. सहदेवराव काउंटरपाशी, बायको पंचफुला दाराशी स्टुलावर बसलेली.)

सहदेव : काचेची-बिचेची नको दाखवू, बापा. आपोआप बंद होणारी पाह्यजे मले.

सईद : हेच तं ते, काका. हवेनं जाळ विझला का गॅस आपसूक बंद. दोन सालची गॅरंटी.

सहदेव : अन् जाळ विझलाच नाही तं?

सईद : मंग कायले बंद होईन? जळत राहीन.

सहदेव : तेच तं रडगाणं आहे. बायको जाळ फुल्ल ठेवते अन् निघून जाते. परवा गंजातलं वरण जळून कोळसा. मी वावरातून आलो तं घरभर धूर, अन् हे बाई तिकडं मंदिरापाशी उभी. घर सापडे ना तिले.

सईद : काकू? आत्ता तं मले घरचं सारं इचारलं त्यायनं. अम्मीची तब्येत इचारली.

सहदेव : हळू बोल. तसंच असते तिचं. सकाळी बरी राह्यते, दुपार झाली का ध्यान सुटते. अकोल्याचा डॉक्टर म्हणे, गोळ्या द्या, पण गेलेलं वापस येणार नाही. अन् जाणंही थांबणार नाही.

सईद : या अल्ला... टायमरवाली आहे एक. दहा मिनिटं लावले का दहा मिनिटांत बंद.

सहदेव : लावन कोण?

सईद : हाव, तेही आहे.

सहदेव : दुसरी?

सईद : दुसरी नाही, काका. खोटं काऊन बोलू? माणसानं काही ध्यानात ठेवाच नाही, अशी शेगडी कोणी बनवलीच नाही. काकूले गॅसपाशी जाऊच नका देऊ.

सहदेव : महिनाभर रेग्युलेटर काढून खिशात ठेवलं. तं शेगडीपाशी बसून दिवसभर बटणं फिरवे. म्हणे, माह्या हाताले काय झालं? मंग लावलं वापस. चाळीस वर्षं पंगतीच्या पंगती उठवल्या रे त्या बाईनं.

पंचफुला : किती वेळ लावून राह्यले! सरका, मले पाहू द्या. हे काचेची कोणी काढली? गंज आपटला का तडकन.

सईद : मंग कोणती देऊ, काकू?

पंचफुला : हे स्टीलची. बर्नर काढून दाखवा. हं, पितळी आहे, जड आहे. भाकरीले जाळ पसरट लागते. मधातच जळला तं काठ कच्चे राह्यतात.

सईद : तुमाले तं दुकानात बसवतो मी!

पंचफुला : तुम्हीच घेऊन राह्यले का हे, भाऊ?

सहदेव : ...मी?

पंचफुला : हाव, तुम्ही. घरी बाईमाणूस नाही का?

सईद : काकू, हे तं आपले...

सहदेव : राहू दे, सईद. नाही, बाई. आता मीच रांधतो.

पंचफुला : अरेरे. मंग दोन बर्नरची बस झाली. पुसाले सोपी. पहिलेपहिले भाकर जळन, घाबरू नका. लगन झालं तवा माही रोज जळे. पण आमचे घरचे असे, का दुधात कुस्करून मुकाट्यानं खात. सासूले कळू नाही दिलं कधी.

सहदेव : माहीत आहे मले.

पंचफुला : तुमाले कसं माहीत?

सहदेव : त्यानंच सांगतलं.

पंचफुला : पाहा! लोकाइले सांगत फिरते.

सईद : काका... बांधू का?

सहदेव : बांध. तिनं काढली तेच बांध.

सईद : अन् रेग्युलेटर?

सहदेव : ते आता माह्या खिशातच राहीन. चाल पंचफुला, गाडीवर बस.

पंचफुला : नाव घेऊन काय बोलता? परक्या माणसाच्या गाडीवर नाही बसत मी. आमचे घरचे येतीन न्यायले.

सईद : काकू, नीट पाहा ना जरा, हेच तं...

सहदेव : नको रे. भेते ते मंग. मलेही एक स्टूल दे.

पंचफुला : येतीनच ते. लय उशीर नाही करत.

सहदेव : हाव, येतीन. तोवर मी थांबतो तुमच्यासंग.