हळदीकुंकवाला दिलेले चेहरे

समारंभाचे अध्यक्ष रामचंद्रराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निरोप घेणारे आपल्या सोसायटीचे सचिव शरच्चंद्रराव, आणि करी रोडच्या चाळीतून या टॉवरमध्ये चढलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सर्वांना सविनय जय भीम.

पाहुण्यांसाठी आधी माझी ओळख. टाकी भरली की वाजते ती घंटा मी केली. जिन्यात पाऊल पडताच लागतात ते दिवे मी केले. आणि बोट ओळखून दार उघडणारी पेटी, तीही याच हातांनी. डिग्री नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, जाळले, पुन्हा आणले.

त्या पेटीत तुमच्या बोटाचा फोटो नाही. रेषा कुठे फुटते, कुठे संपते, एवढ्याचे आकडे आहेत, तेही कुलूपबंद. पेटीला इंटरनेट नाही. का नाही? कारण वायर आली की आतलं बाहेर जायला वाट होते.

आपल्या काशीबाई भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून विकतात. बर्फाने, खवल्यांनी बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. पेटी त्यांना ओळखेना. "जगदीश, मेल्या, तुज्या मशीनला बोंबलाचा वास येतो काय रे?" शेवटी डाव्या करंगळीवर जमलं. ती बर्फात कमी जाते. हे कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

मग शरच्चंद्ररावांनी चेहरा ओळखणारं गेट आणलं. फुकट! ज्या शहरात चपला सांभाळायलाही पैसे पडतात, तिथे कंपनी कॅमेरे फुकट देते, तर घेते काय, हे कुणालाच विचारावंसं वाटू नये?

आणि चेहरे गोळा कधी केले? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला! काय ती कल्पकता! अत्तर, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचा डबा, आणि कॅमेऱ्यापुढे जरा मान वळवा. ज्या घरची बाई आली, त्या घरच्या बाकीच्यांचे चेहरे संध्याकाळी घरी जाऊन घेतले. काशीबाई विधवा, त्यांना बोलावणं नाही. आम्हा बौद्ध घरांनाही नाही. असतं तरी माझी बायको कांता गेली नसती. दुसऱ्या दिवशी गेट सुरू झालं आणि काशीबाई टोपलीसकट बाहेर. गेट म्हणतं, 'अनोळखी व्यक्ती'. चाळीत जन्म काढलेली बाई! त्याच दिवशी मी पुढच्या दारावरून काढलेली माझी पेटी मागच्या दाराला बसवली. आम्ही तिथून ये-जा करतो.

पुढे बाराव्या मजल्यावरच्या नम्रताने कंपनीच्या अटी सभेत वाचून दाखवल्या. आपले चेहरे कंपनी तिच्या 'भागीदारांना' देऊ शकते. शरच्चंद्रराव म्हणाले, "अगं, चेहरा काय लपवायची गोष्ट आहे? बाजारात उघड्या तोंडानेच जातेस ना?"

"जाते की. पण भाजीवाला माझं तोंड ठेवून घेत नाही, काका."

सभा खळखळून हसली. आणि गेट कायम ठेवण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला.

हात वर करणाऱ्यांनो, पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा गेला तर शरच्चंद्रराव नवा आणून देणार आहेत का? त्यांना वेळ कुठला? उद्यापासून ते त्याच कंपनीचे सल्लागार आहेत. मनःपूर्वक अभिनंदन, साहेब! आज या इमारतीत आपला चेहरा ज्यांच्या मालकीचा उरलाय, ते फक्त वाण न मिळालेले लोक.

परवा साहेब माझ्या घरी आले होते. "जगदीश, तेवढी पेटी देऊन टाक. राहिलेले सगळे त्यात आहेत." आकड्यांवरूनही माणूस शोधता येतो, हे त्यांना ठाऊक असो वा नसो, मला आहे. तरी मी काशीबाईंना विचारून आलो. त्या कोळंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोट माजं, नि इकनार तू?"

असो. माईक दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, ऐकून घेतल्याबद्दल तुमचे. सत्काराच्या दिवशी जीभ जरा सैल सुटली, ती पोटात घाला. पेटी मागच्या दारालाच राहील. आणि इतिवृत्तात एवढं लिहून घ्या, की तिच्यासाठी आलेल्या बोलीला मी नाही म्हणालो. बोली होती साडेतीन लाख रुपये, आणि वर तळघरात पार्किंगची एक जागा.